कॅमेऱ्यानंतरची पहिली खरेदी

कॅमेरा घ्यावा की न घ्यावा हे ठरविणे एक वेळ सोपे. कॅमेरा घेतल्यावर पहिली वस्तू कोणती घ्यावी हे ठरविणे कठीण. नव्याने या छंदाची बाधा झालेला गृहस्थ पगारातून वर्ष-दीड वर्ष बाजूला टाकलेली पुंजी घेऊन दुकानाची पायरी चढतो, कॅमेरा पदरात पाडून घेतो आणि खिशात जे काही उरले असेल ते चाचपीत उभा राहतो. समोरच्या काचेच्या कपाटात तिपाई असते, दिवा असतो, भिंगावर चढवावयाच्या रंगीत काचा असतात, दूरचे जवळ आणणारे दुसरे भिंग असते, आणि या सर्वांना पोटात घेणारी चामड्याची पिशवी असते. दुकानदार यांतील प्रत्येक वस्तू अत्यावश्यक असल्याची ग्वाही देतो. पैसे मात्र एकाच वस्तूपुरते असतात. अशा वेळी पुष्कळ जण पिशवी घेऊन घरी येतात, कारण ती सर्वांत देखणी दिसते.

छायाचित्रणाचा इतिहास बहुधा कॅमेऱ्यांचा आणि भिंगांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणता कॅमेरा कोणी व केव्हा काढला, याच्या सनावळ्या पाठ असणारे लोकही आढळतात. परंतु ज्यांच्यापाशी पैसा बेताचा होता आणि ज्यांना चित्र मात्र हवेच होते, अशा माणसांनी आपला पैसा कशावर खर्च केला हे पाहू लागले, म्हणजे निराळाच इतिहास दिसू लागतो. तो कॅमेऱ्याभोवतीच्या किरकोळ साहित्याचा इतिहास आहे. या किरकोळ साहित्यानेच पुष्कळदा चित्राचे भवितव्य ठरविलेले आहे.

प्रारंभी तर निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १८३९ च्या जानेवारीत दागेर याच्या शोधाची वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीत जाहीर झाली, ऑगस्टमध्ये त्याची कृती सर्वांना खुली झाली, आणि आल्फोन्स जिरू या व्यापाऱ्याने लगोलग संपूर्ण संच विक्रीस काढला. किंमत ४०० फ्रँक आणि वजन सुमारे ५० किलो. कॅमेरा ही त्यातील केवळ एक पेटी. तांब्याच्या पत्र्यावरचा चांदीचा थर घासून लखलखीत करण्याचे साहित्य, त्याला आयोडीनची वाफ देण्याची दुसरी पेटी, उमटलेली अदृश्य प्रतिमा पाऱ्याच्या वाफेने दृश्य करण्याची तिसरी पेटी, तिच्याखाली ठेवावयाचा स्पिरिटचा दिवा, उष्णतामापक, रसायनांच्या बाटल्या, असा तो सारा संसार होता. घ्यावयाचा तर सगळा घ्यावा, नाही तर घरी बसावे. गरिबाला त्यात प्रवेशच नव्हता.

हा संच घेऊन माणसांची चित्रे काढावयास निघालेल्यांना मात्र लवकरच एक उणीव जाणवली. पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागत, आणि जिवंत माणूस इतका वेळ निश्चल बसत नाही. तो श्वास घेतो, पापण्या हलवितो, त्याची मान कलते. १८४० मध्ये व्हिएन्नाचा गणिती पेट्झव्हाल याने कितीतरी अधिक प्रकाश आत घेणारे भिंग सिद्ध केले, तेव्हा मिनिटांचा हिशेब सेकंदांवर आला. तरीही माणसाची मान धरून ठेवणे आवश्यकच राहिले. मग खुर्चीच्या मागे एक लोखंडी दांडा उभा राहिला आणि त्याच्या टोकाला डोक्याच्या मागील बाजूस टेकणारा चिमटा बसला. त्या काळच्या चित्रशाळांमध्ये कॅमेऱ्याच्या खालोखाल मान होता तो या चिमट्याला. कॅमेरा तिपाईवर स्थिर आणि माणूस चिमट्यात स्थिर, अशी ती जोडी होती. जुन्या छायाचित्रांतील आजोबा-पणजोबांच्या मुद्रेवर जो करारीपणा दिसतो, त्याचे थोडेफार श्रेय मानेमागच्या या लोखंडालाही द्यावयास हवे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने काचेवर कलोडियनचा लेप देऊन चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली. चित्रे स्वच्छ येऊ लागली, एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या, आणि खर्चही उतरला. आर्चरने आपल्या शोधाचे एकस्व घेतले नाही. ज्याला हवी त्याने ही रीत वापरावी असे त्याने ठरविले. १८५७ मध्ये तो विपन्नावस्थेत वारला. त्याच्या रीतीने पुढील तीस वर्षे कितीतरी लोकांना पोटाला लावले, एवढे सांगितले म्हणजे त्या मृत्यूची विषण्णता पुरेशी लक्षात येईल.

या रीतीत एक मेख होती. लेप ओला असतानाच काच रसायनात बुडवावी लागे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे, आणि ओली असतानाच तिच्यावरील प्रतिमा दृश्य करावी लागे. हे सर्व दहा-पंधरा मिनिटांत उरकावयाचे. म्हणजे जेथे कॅमेरा, तेथेच अंधारी खोली. घराबाहेर पडणाऱ्या छायाचित्रकाराला आता तिपाईच्याही आधी एक काळोखा तंबू हवा झाला. १८५५ मध्ये रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला, तेव्हा त्याने मद्यविक्रेत्याची एक जुनी घोडागाडी विकत घेऊन तिचीच अंधारी खोली बनविली. त्याच्यापाशी पाच कॅमेरे होते, सातशे काचा होत्या. पण गाडी नसती तर ते पाचही कॅमेरे पेटीतच राहिले असते. नवी गाडी बांधून घेण्याऐवजी जुनी गाडी घेऊन ती उपयोगी पाडली, यात फेंटनची व्यवहारदृष्टी दिसते.

हिंदुस्थानात छायाचित्रण रुजत होते ते याच सुमारास. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी होते, आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक त्यातून बाहेर पडले. त्याच वर्षी कंपनी सरकारने कॅप्टन बिग्ज याच्याकडे विजापूर, बदामी, ऐहोळ या बाजूच्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम सोपविले. बिग्ज याने नवी काच घेतली नाही; त्याने टॅल्बटच्या जुन्या पद्धतीची कागदी निगेटिव्ह वापरली. मद्रास सैन्यातील लिनियस ट्राइप यानेही ब्रह्मदेशच्या दौऱ्यात कागदच पत्करला. कागदावर तपशील काचेइतका रेखीव उतरत नाही, हे त्या दोघांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु कागद आधी तयार करून ठेवता येतो, बैलगाडीच्या धक्क्याने फुटत नाही, आणि त्याला जागोजाग तंबू ठोकावा लागत नाही. दख्खनच्या उन्हात कलोडियनचा लेप किती वेळ ओला राहील, हाही विचार होताच. एखादी वस्तू विकत घेण्यापेक्षा तिची गरजच पडणार नाही अशी रीत निवडावी, हा काटकसरीचा मार्ग या लष्करी अधिकाऱ्यांनी अनुसरला. याउलट सॅम्युअल बोर्न याने काचेचा आग्रह धरला. १८६३ मध्ये तो सिमल्याहून हिमालयाच्या पहिल्या सफरीस निघाला, तेव्हा सामान वाहण्यास सुमारे तीस हमाल लागले. त्याची चित्रे अप्रतिम आहेत यात शंका नाही. पण तीस हमालांची मजुरी भागविणे प्रत्येकाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे.

पुढे रिचर्ड लीच मॅडॉक्स याने १८७१ मध्ये दाखविलेल्या वाटेने जिलेटीनच्या कोरड्या काचा आल्या, आणि १८८० च्या आसपास त्या बाजारात सर्रास मिळू लागल्या. तंबू गेला, गाडी गेली, हमाल गेले. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन याने पहिला कोडॅक कॅमेरा काढला. २५ डॉलरला मिळणाऱ्या या पेटीत शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. शंभर चित्रे संपली की पेटीच कारखान्याकडे धाडावयाची आणि १० डॉलर द्यावयाचे, म्हणजे चित्रे हाती येत व पेटी पुन्हा भरून मिळे. दुसरी कोणतीच वस्तू विकत घ्यावी लागणार नाही, हेच ईस्टमनच्या मालाचे मोठे आकर्षण होते. मात्र ही पेटी लख्ख उन्हातच चाले. सावलीत, घरात, रात्री ती निरुपयोगी. कोरड्या काचेचे कॅमेरेही याबाबतीत फारसे निराळे नव्हते. छायाचित्रकाराला आता तंबू नको होता. त्याला प्रकाश हवा होता.

प्रकाश विकत घेण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. नादार याने १८६१ च्या सुमारास पॅरिसच्या भूमिगत अस्थिगृहांत विजेच्या कमानी दिव्याने चित्रे घेतली. त्यासाठी जड विद्युत्‌घट वाहून न्यावे लागत, आणि एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. म्हणून कामगारांच्या जागी त्याने कपडे चढविलेले पुतळे उभे केले. १८६४ मध्ये मँचेस्टरच्या अल्फ्रेड ब्रदर्स याने मॅग्नेशियमची तार जाळून डर्बीशायरमधील खाणीचा अंतर्भाग टिपला; दुसऱ्या वर्षी पियाझी स्मिथ याने त्याच धातूच्या उजेडात इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत कॅमेरा उघडला. हे सर्व हौशी, विद्वान आणि खर्चिक उद्योग होते. १८८७ मध्ये मीटे आणि गेडिके या दोघा जर्मनांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनीचे संयुग मिसळून क्षणात भडकणारी पूड तयार केली, आणि मग अंधार उजळणे एखाद्या वार्ताहराच्या खिशाला परवडण्याजोगे झाले.

तो वार्ताहर म्हणजे जेकब रीस. डेन्मार्कमधील रीबे या गावी १८४९ मध्ये जन्मलेला हा तरुण १८७० मध्ये अमेरिकेत उतरला. काम मिळेना, तेव्हा पोलिसांनी निराश्रितांसाठी ठेवलेल्या घाणेरड्या खोल्यांतही त्याने रात्री काढल्या होत्या. १८७७ पासून तो न्यूयॉर्कमध्ये पोलीस-वृत्ते देऊ लागला. मलबेरी स्ट्रीटच्या परिसरातील चाळींत, एकेका कोंदट खोलीत, माणसे कशी दाटीवाटीने निजत हे त्याने रात्रपाळीत शेकडो वेळा पाहिले होते आणि लिहिलेही होते. वाचणाऱ्यांवर त्याचा म्हणावा तसा परिणाम होत नव्हता. शब्दांवर अतिशयोक्तीचा आरोप करता येतो. जर्मनीतील पुडीविषयीची चार ओळींची बातमी त्याच्या वाचण्यात आली, आणि आपल्याला काय हवे होते ते त्याला कळले.

त्याला कॅमेरा वापरता येत नव्हता. शहराच्या आरोग्य खात्यातील डॉ. नेगल आणि दोघे हौशी छायाचित्रकार यांना बरोबर घेऊन त्याने आरंभ केला. हौशी मंडळी रात्रीच्या जागरणांना कंटाळली. मग त्याने एक व्यावसायिक नेमला, त्याच्याशीही बिनसले. शेवटी १८८८ च्या जानेवारीत त्याने स्वतःच लाकडी पेटीचा एक साधा कॅमेरा, काचा ठेवण्याच्या चौकटी, तिपाई आणि चित्र धुण्याचे किरकोळ साहित्य खरेदी केले, आणि बेवारशी प्रेते पुरण्याच्या हार्ट बेटावर जाऊन हात बसविला. पहिले चित्र प्रमाणाबाहेर प्रकाश लागून काळवंडले. त्या जागेला ते शोभूनही दिसले.

प्रकाशासाठी पूर्वी तो पिस्तुलाच्या आकाराचा दिवा वापरीत असे. काडतूस भरावयाचे आणि चाप ओढावयाचा. मध्यरात्री अनोळखी माणसे खोलीत शिरून पिस्तूल रोखतात, आवाज होतो, डोळे दिपविणारा लोळ उठतो! झोपेतून दचकलेली माणसे खिडक्यांतून उड्या टाकून पळत, यात नवल नाही. रीसने ते पिस्तूल टाकून दिले आणि स्वयंपाकघरातील एक तवा घेतला. तव्यात पूड ओतावयाची आणि पेटवावयाची. पिस्तुलापेक्षा तवा स्वस्त होता, आणि तो पाहून कोणाला धडकी भरत नसे. जगाच्या छायाचित्रणातील एका महत्त्वाच्या ग्रंथामागील प्रकाशयंत्र ते हेच.

तवा निरुपद्रवी दिसला तरी त्यातील पूड तशी नव्हती. रीसच्या हातून दोनदा घराला आग लागली, एकदा त्याचे स्वतःचे कपडे पेटले, आणि एकदा भडका डोळ्यांवरच आला तेव्हा चष्म्याने दृष्टी वाचविली. एका माळ्यावर राहणाऱ्या अंध भिकाऱ्यांचे चित्र घेताना भिंतीवरच्या कागदांनी पेट घेतला. खोलीत सारे आंधळे, खाली उतरावयास मोडका जिना, आणि डोळस असा तो एकटा. कोटाने झोडपून त्याने आग विझविली. गरिबांच्या घरांची दुर्दशा जगाला दाखविण्यासाठी निघालेला माणूस त्यांचीच घरे जाळण्याच्या बेतात होता, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांनी गमतीदार प्रसंग म्हणून सांगितली असली, तरी ती केवळ गमतीची नाही. निजलेल्या माणसांची अनुमती घेण्याची तर प्रथाच नव्हती. आणि ज्या निर्वासितांविषयी तो कळवळून लिही, त्यांच्यातील कित्येक जमातींबद्दल त्याच्या लेखणीतून कुत्सित शब्दही निघून जात.

तरीही परिणाम झाला हे मान्य करावयास हवे. १८९० मध्ये त्याचा ‘हाउ दि अदर हाफ लिव्ह्ज’ हा ग्रंथ निघाला. रीसने स्वतः जेथे रात्री काढल्या होत्या त्या पोलिसांच्या निवाऱ्याच्या खोल्या पोलीस आयुक्त थिओडोर रूझवेल्ट याने १८९६ मध्ये बंद केल्या. मलबेरी बेंडच्या चाळी पाडून तेथे १८९७ मध्ये उद्यान झाले. रीसने भारी भिंग घेतले नव्हते. त्याचा कॅमेरा बेताचाच होता. त्याच्यापाशी तिपाई होती आणि तवा होता. त्या दोहोंत तव्यावाचून त्याचे एकही चित्र निघाले नसते, कारण त्याचा विषयच अंधारात होता.

एकाचे अडते तेथे दुसऱ्याचे अडत नाही. रीसनंतर पंचवीस वर्षांच्या आत मुंबईतील एका छायाचित्रकाराला हाच प्रश्न अगदी निराळ्या स्वरूपात भेटला. हा छायाचित्रकार निश्चल चित्र सोडून हलत्या चित्राकडे निघाला होता. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. छायाचित्रण ते बडोद्यातच शिकले. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ थाटला, पण प्लेगात पत्नी व मूल गमावून तेथून निघावे लागले. पुढे पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली, ती सोडून छापखाना काढला, तोही भागीदारांशी न पटल्यामुळे सुटला. चाळिशी उलटलेली, हाताशी धंदा नाही, पदरात मुले, अशा अवस्थेत त्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि हिंदुस्थानात असे चित्रपट काढण्याच्या विचाराने त्यांना पछाडले.

एक लहानसा कॅमेरा आणि काही फिती मिळवून त्यांनी घरी प्रयोग मांडले. दिवसा चार-पाच तास चित्रपट पाहावयाचे आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंग धरून फितीवरील चित्रे भिंतीवर पाडावयाची. झोप उडाली आणि डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांनी उपचार करून व निरनिराळे चष्मे देऊन दृष्टी परत आणली. त्यानंतर विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फाळक्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. ‘बायस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना आधी या धंद्यातील अपयशाच्या कथा ऐकविल्या आणि मग वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या कारखान्यातील सर्व विभाग त्यांना मोकळेपणाने दाखविले.

ते पाहत असता फाळक्यांच्या मनात जो हिशेब चालला असेल, त्याची कल्पना त्यांनी केलेल्या खरेदीवरून येते. पैसा विम्यावर काढलेला, म्हणजे एका अर्थी आपल्या मृत्यूनंतर बायकामुलांना मिळावयाचा होता तोच. चूक करण्यास जागा नव्हती. त्यांनी ५० पौंडांना विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म मागविली, आणि त्याबरोबर एक वस्तू मागविली जिचे नाव सामान्य प्रेक्षकाने कधी ऐकलेलेही नसते. ते होते फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र.

चित्रपटाची फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकते ती तिच्या दोन्ही कडांवरील चौकोनी छिद्रांत दाते अडकून. त्या काळी कच्ची फिल्म पुष्कळदा छिद्रांवाचूनच येई आणि ज्याची त्याने ती पाडून घ्यावयाची असत. एका चौकटीला प्रत्येक कडेवर चार छिद्रे, आणि एका फुटात सोळा चौकटी. फाळक्यांचा पहिला कथापट ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फूट लांबीचा झाला; म्हणजे ५९,२०० चौकटी, आणि दोन्ही कडा मिळून ४,७३,६०० छिद्रे. यात वाया गेलेली फिल्म धरलेली नाही, आणि पडद्यावर दाखवावयाच्या प्रतीलाही तितकीच छिद्रे पाडावी लागतात. एखादे छिद्र केसभर इकडेतिकडे झाले तर पडद्यावरचा राजा थरथर कापू लागेल. आणि हे सर्व अंधारात करावयाचे, कारण फिल्मला उजेड लागला की ती फुकट. भिंग एखादे वेळी उसने मिळते, दिव्याऐवजी ऊन चालते. पण या यंत्राच्या अभावी फिल्मचा एक फूटदेखील कॅमेऱ्यातून सरकला नसता. फाळक्यांचे घोडे नेमके कोठे अडणार आहे हे त्यांनी ओळखले, आणि पैसा तेथे खर्च केला.

१ एप्रिल १९१२ रोजी ते परतले. कॅमेरा आणि फिल्म मे महिन्यात येऊन पोचली. सोबत आलेल्या आकृतीवरून चार दिवसांत जुळणी झाली. दादरच्या घरी आसपासची मुले-मुली समोर उभी करून यंत्र पारखून पाहिले. आता भांडवल हवे होते, आणि भांडवलदार शब्दांवर विश्वास ठेवीत नाहीत. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत राहिले. पडद्यावर तो अंकुर जेमतेम मिनिटभरात मातीतून वर येई, पाने फोडी आणि वेल होई. या चित्राला ना नट लागला ना पडदा रंगवावा लागला. लागली ती फक्त एक स्थिर बैठक. महिन्याभरात कॅमेरा बोटभर सरकता तरी वाटाण्याने पडद्यावर उडी मारली असती. छायाचित्रकाराची सर्वांत जुनी सोबतीण जी तिपाई, तिची थोरवी दादरमधल्या त्या कुंडीने जितकी सिद्ध केली तितकी क्वचितच कोणी केली असेल. ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे पैसे देण्यास तयार झाले. सरस्वतीबाई फाळके यांचे दागिनेही तारण म्हणून गेले.

आणि प्रकाश? रीसला जो विकत घ्यावा लागला तो फाळक्यांना सूर्याकडून मिळत होता. प्रश्न होता तो सावल्यांचा. डोक्यावरचे ऊन नटाच्या कपाळावर लखलखते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख करते. त्यावर उपाय म्हणून उजेड परतविणाऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाची गरज असते. आजच्या दुकानांत घडी घालून पिशवीत ठेवता येतील अशी रुपेरी वर्तुळे यासाठी मिळतात. फाळक्यांच्या घरी पांढऱ्या चादरी होत्या. सरस्वतीबाई त्या चादरी हातांत ताणून भर उन्हात तासन्‌तास उभ्या राहत, आणि नटांच्या चेहऱ्यांवर उजेड पडे. बिऱ्हाडात राहणाऱ्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्याच करीत, रसायने त्याच कालवीत, आणि दिवस मावळला की छिद्रे पाडण्याच्या त्या यंत्रापाशीही त्याच बसत. यंत्राचे पैसे मोजले होते. चादर धरणाऱ्या हातांची मजुरी कोणत्याही खर्चाच्या सदरात मांडलेली नव्हती. भारतीय चित्रपटाच्या जमाखर्चातील ही उणीव पुढे फार वर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही.

पुढच्या काळात या खरेदीचे स्वरूप पुन्हा पुन्हा पालटले. १९२९ मध्ये जर्मनीत पुडीच्या जागी काचेचा बंद दिवा आला आणि घरे पेटण्याचे भय गेले. त्यानंतर हॅरल्ड एजर्टन याच्या प्रयोगांमुळे विजेचा क्षणदीप आला. फिल्म छिद्रांसह तयार मिळू लागली, तेव्हा लंडनहून मागविलेल्या यंत्रासारखी यंत्रे अडगळीत गेली. आता तर फिल्मही मागे पडली असून खिशातल्या दूरध्वनीतच कॅमेरा आला आहे. तरी मंद उजेडात हात हलतो तो हलतोच, आणि खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो तो येतोच. या दोन गोष्टींपैकी आपल्या चित्रात कोणती वारंवार घडते, हे पाहून काही जण तिपाई घेतात आणि काही जण घरातील चादर झटकून बाहेर काढतात.

‘राजा हरिश्चंद्र’चे काम सहा महिने सत्तावीस दिवस चालले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांना दाखविण्यात आला. पडद्यावर राजा स्थिर उभा राहिला, थरथरला नाही; आणि अंधारात पाडलेली ती लाखो छिद्रे प्रेक्षकांतील कोणालाही दिसली नाहीत.